पान ४१ वरचा मासा

आक्रा, ५ मे २०२५

बाबा,

जे घडलं ते क्रमाने लिहिते.

१. 'चिखलातलं मन' या तुमच्या पुस्तकाची नवी आवृत्ती जुलैत छापायला जाते आहे. पुस्तकात जिथे न्सुआनो गावच्या जाणत्या नाना बेडियाकोंचे शब्द आले आहेत, तिथे वाचकाला त्यांचा आवाजही ऐकता यावा, असं प्रकाशकांनी ठरवलं. मूळ कॅसेटी विद्यापीठाच्या ध्वनिसंग्रहात आहेत, म्हणून काम माझ्या टेबलावर आलं. मी ते मागून घेतलेलं नाही.

२. कॅसेटी सात आहेत. जानेवारी १९८६, न्सुआनो, नानांच्या घरचा ओटा. आवाज दोन आहेत, नानांचा आणि आईचा. तुमचा आवाज एकाही कॅसेटवर नाही. पुस्तकाचं पहिलं वाक्य असं आहे: "नानांच्या ओट्यावर बसून मी हे ऐकलं."

३. पान ४१ वरचं वाक्य चौथ्या कॅसेटवर, पहिल्या बाजूच्या अगदी शेवटी आहे. तुम्ही लंडनहून पाठवलेल्या यादीतला नववा प्रश्न आई वाचून दाखवते: "ज्यांना धरून समुद्रापार नेलं, त्यांच्या मनाचं काय झालं?" नाना उत्तर देतात. पुस्तकात ते असं आहे: "तळं आटतं तेव्हा मन चिखलात उतरतं आणि पाण्याची वाट बघतं."

४. नाना 'मन' म्हणत नाहीत. 'मासा' म्हणतात. चिखलात राहणारा, आपण धुरी देऊन खातो तो.

५. आपल्या ट्वी भाषेत लिहिताना दोन्ही शब्द एकच, अज्वेने. बोलताना मात्र स्वराची चाल, म्हणजे आवाजाचा चढउतार, वेगळी. आईने टाइप करून पाठवलेल्या कागदांवर स्वरांच्या खुणा नव्हत्या. कॅसेटी टपालात हरवतील म्हणून त्या इथेच राहिल्या. तुम्ही फक्त कागद वाचले.

६. उत्तरात शब्द चार वेळा येतो. चारही वेळा स्वर मोजला. चारही वेळा मासा.

७. हे कळण्याआधी, २४ एप्रिलला, मी तो तुकडा तुमच्याच जमैकात, किंग्स्टनला पाठवून दिला. तुमच्या जुन्या विद्यार्थिनी डेलरोज पिनॉक यांनी मागितला होता. त्यांच्या वस्तीत वाचनमंडळाच्या भिंतीवर ते वाक्य अठरा वर्षांपासून रंगवलेलं आहे, आणि १ ऑगस्टच्या मुक्तिदिनी त्यांना सगळ्यांना नानांचा आवाज ऐकवायचा आहे. मी तुकडा वेळ बघून कापला, आवाजाची पातळी तपासली आणि पाठवला. शब्द ऐकले नाहीत. ही माझी चूक.

८. प्रत्येक तुकड्याखाली 'छापील शब्द आवाजाशी ताडून पाहिले' या ओळीवर माझी सही लागते. तेरा तुकड्यांवर केली आहे. चौदाव्यावर केलेली नाही.

तुकडा सोबत जोडला आहे. प्रकाशकांना अजून काही कळवलेलं नाही. सहा वर्षांनी लिहिते आहे ते कामापुरतं, आणि उत्तरही कामापुरतं असलं तरी चालेल.

डुफिए


आक्रा, १४ मे

बाबा,

तुमचा निरोप मिळाला. "बॅटऱ्या उतरलेल्या असतील. पुन्हा बघ."

पुन्हा बघितलं. बॅटऱ्या खरंच उतरत होत्या, चौथ्या कॅसेटवर ते स्पष्ट ऐकू येतं. पण बॅटरी उतरली की फीत हळू फिरते, आणि नंतर नेहमीच्या वेगाने वाजवली की सगळंच एकत्र वर चढतं. कोंबडा, आई, नाना, सगळे. एका शब्दातलं एक अक्षर वर आणि दुसरं खाली, असं बॅटरी करत नाही. वेग दुरुस्त करून मी पुन्हा मोजलं. मासाच आहे.

माझ्या कानावर भिस्त नको म्हणून इथल्या तिघांना फक्त ते वाक्य ऐकवलं, प्रश्न ऐकवला नाही, आणि कागदावर काय ऐकलं ते लिहायला सांगितलं. तिघेही घरात ट्वी बोलणारे. तिघांनी मासा लिहिलं. भांडारातल्या येबोआकाकांनी खाली आणखी एक ओळ लिहिली: "ताजा की धुरीचा?"

मग प्रश्नासकट ऐकवलं. तेव्हा येबोआकाका म्हणाले, "पोरी, प्रश्न मनाचा आणि उत्तर माशाचं. कागदावर असतं तर मीही मनच वाचलं असतं."

हे तुमच्या बाजूचं आहे म्हणून नोंदवते. कागदावर तुमचं वाचन बरोबर होतं. मनाबद्दल विचारल्यावर समोरचा मनाबद्दलच बोलतोय असं कुणालाही वाटेल.

मी लहान असताना सुट्टीत तुम्ही घरी आलात की एक खेळ खेळायचा. इंग्रजीतून आलेला कुठलाही मोठा प्रश्न घ्यायचा, आपल्या भाषेत नेऊन उभा करायचा, आणि तो तिथे उभा राहतो का बघायचं. आत्मा देहात 'असतो' का? ट्वीत विचार. काळ 'वाहतो' का? ट्वीत विचार. अर्धे प्रश्न पडायचे आणि तुम्ही टाळ्या वाजवायचात. तुमचं सगळं पुस्तक त्याच खेळावर उभं आहे: मिशनऱ्यांनी आमच्या शब्दांवर आपल्या शब्दांची झाकणं बसवली, ती काढून आत काय आहे ते बघा. मला ते तेव्हाही पटायचं. आजही पटतं. तुम्ही प्रश्न आपल्या भाषेत नेलात. फक्त कागदावर नेलात.

तत्त्वज्ञानाचा वर्ग सोडून मी ध्वनितंत्राकडे गेले, तेव्हा जेवणाच्या टेबलावर पाहुण्यांसमोर तुम्ही म्हणालात, "हिला वाटतं, विचार मोजता येतो." पाहुणे हसले. त्यावर मी काही बोलले नव्हते, आता बोलते. मी विचार मोजलेला नाही. स्वर मोजला आहे.

शनिवारी आईकडे जाणार होते, पण काम आलं. पुढच्या आठवड्यात जाईन. तिला अजून काही माहीत नाही.

डुफिए


न्सुआनो, २५ मे

बाबा,

मागच्या पत्रातलं शेवटचं वाक्य चुकीचं होतं. आईला माहीत आहे.

ती अंगणात शेंगा सोलत बसली होती. मी काही न सांगता तुकडा लावला. पुढचं संभाषण जसं झालं तसं देते.

"मासा," ती म्हणाली. "आवाज वाढव जरा. नाना काय हसायचे गं."

"पुस्तकात मन आहे."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"पुस्तक आलं तेव्हापासून. एक्याण्णव."

"चौतीस वर्षं. आणि बाबांना बोलली नाहीस?"

"मला वाटलं, मुद्दाम केलंय. तत्त्वज्ञ माणूस. माशाचं मन करायचं, मनाचं आणखी काही करायचं, हेच तर त्यांचं काम. मी मास्तरीण, मी मध्ये कशाला बोलू?" थोडा वेळ ती सोलत राहिली. "शिवाय छान लिहिलं होतं. मी शाळेत प्रार्थनेनंतर मुलांना वाचून दाखवलं होतं."

"मन म्हणून?"

"इंग्रजीत वाचलं. इंग्रजीत मनच होतं ना."

मी तिला विचारलं, ओट्यावर बसून तू ऐकलंस आणि बाबांनी 'मी ऐकलं' असं लिहिलं, त्याचं काय? ती म्हणाली, "माझ्या कानाने ऐकलं त्यांनी. नवरा-बायकोत कान कुणाचा हे कोण बघतं?" मग म्हणाली, "तू बघतेस. तुझं तेच काम." हे टोमण्यासारखं लागलं नाही.

आता मुख्य मुद्दा. चौथ्या कॅसेटची दुसरी बाजू कुणी कधी ऐकलेलीच नाही. त्यावर आईच्या अक्षरात लिहिलं आहे: 'जेवण, गप्पा'. ती टाइप केलेली नाही. का, असं विचारलं. "लॉरी सुटणार होती, कागद तिच्यावर द्यायचे होते. आणि जेवणातल्या गप्पा लंडनला कोण पाठवतं?"

ती बाजू मी शुक्रवारी आक्र्यात ऐकली होती. काल आईबरोबर पुन्हा ऐकली. पहिली बाजू संपल्यावर आईने कॅसेट उलटली आणि नाना पुढे बोलले. पूर्ण लिहून देते.

नाना: लागलं का यंत्र? दिवा लाल झाला.

आई: लागलं. बोला, नाना.

नाना: काय सांगत होतो?

आई: मासा चिखलात गेला.

नाना: हां. मासा गेला. मन नाही जात.

आई: म्हणजे?

नाना: तुझा नवरा विचारतो, नेलेल्यांच्या मनाचं काय झालं. जसं काही मन म्हणजे गाठोडं, ओट्यावर ठेवून गेले ते. अगं, बरोबर गेलं. जिथे माणूस तिथे त्याचं मन. माशाला पाणी नसलं तर चिखल आहे. माणसाला ती सोय नाही. त्याला नेलं त्या पाण्यात विचार करावा लागतो.

आई: मग इथे काय राहिलं?

नाना: तू राहिलीस. मी राहिलो. वाट आपण बघतो. मासा वाट बघत नाही, बाई, विचारून बघ त्याला. वाट बघतो तो काठावरचा. (हसतात.) आणि तोही भूक लागली म्हणून. वाढ आता.

यानंतर ताटांचा आवाज आहे.

या बाजूवर नानांच्या तोंडी शब्द सात वेळा येतो. तीन वेळा मासा, चार वेळा मन. नाना एकाच दमात एक शब्द दोन चालींत म्हणतात. म्हणजे त्यांना दोन्ही शब्द शेजारी शेजारी ठेवायचे होते, आणि पहिली बाजू ही नुसती तयारी होती. तुमच्या पान ४१ वर तयारी आहे, उत्तर नाही. आणि जे आहे ते त्यांच्या म्हणण्याच्या उलट आहे.

कॅसेट संपल्यावर आईने टरफलं झटकली आणि विचारलं, "हे यांना कळवलंस?" मी म्हटलं, उद्या कळवते. "हळू कळव," ती म्हणाली. मला हळू कसं कळवायचं ते माहीत नाही, म्हणून जसं आहे तसं लिहिलं.

आमटीत शेंगदाणे घालून आम्ही जेवलो. बरं चाललं आहे. आईच्या गुडघ्याला जपायला हवं, बाकी ती ठीक आहे.

डुफिए


आक्रा, ३ जून

बाबा,

तुमच्याकडून काही आलं नाही. मी थांबले नाही, त्याचं कारण असं: १ ऑगस्टला किंग्स्टनमध्ये दीड-दोनशे माणसं भिंतीसमोर उभी राहून तो तुकडा ऐकणार होती, आणि त्यांना चुकीचा अर्थ सांगितला जाणार होता. तुकडा मी पाठवला होता, म्हणून कळवणंही माझ्याकडे होतं. २७ मेला मी डेलरोज पिनॉक यांना सगळं लिहिलं, दुसरी बाजू पाठवली, खाली अर्थ दिला. त्यांच्या वस्तीने अठरा वर्षं ज्या वाक्याला पाठ टेकली ते वाक्य कुणी बोललंच नव्हतं, असं लिहायला मला चार मसुदे लागले.

त्यांचं उत्तर काल आलं. त्यातला भाग त्यांच्याच शब्दांत देते.

"मुली, तू माफी का मागतेस? मी चार दिवस हसतेय. तुझ्या बाबांना विचार, अठ्ठ्याण्णव सालच्या वर्गात तिसऱ्या बाकावरची मुलगी आठवते का. तुझ्या बाबांनी फळ्यावर ते वाक्य लिहिलं, मन तिथेच चिखलात राहिलं वगैरे. मी उभी राहिले. म्हटलं, सर, कुणाचं मन तिथे राहिलं? माझं इथे आहे, या बाकावर, आणि सकाळपासून उपाशी आहे. माझ्या आजीच्या आजीने ऊस तोडताना विचार केला नाही का? मालक झोपला की कुठल्या वाटेने डोंगरात पळायचं, हे कुणाच्या मनाने ठरवलं? चिखलातल्या? वर्ग हसला. तुझे बाबा नाही हसले. म्हणाले, मिस पिनॉक, हा वाद माझ्याशी नको, नाना बेडियाकोंशी घाला. मी त्या दिवशी घरी येऊन रडले, खोटं कशाला सांगू. मला वाटलं, तिकडच्या म्हाताऱ्यालाच मी मन नसलेली वाटते. आणि आता तो म्हातारा माझ्याच बाजूने बोलतोय. तोही जेवणाची वाट बघत. तर वाद घातला म्हणायचा मी, आणि जिंकले."

मी मध्येच विचारते: मग त्यांनीच ते वाक्य भिंतीवर का रंगवू दिलं? ते भिंतीवर का रंगवलं, एवढं मी माझ्या पत्रात विचारलं होतंच. त्याचं उत्तर पुढे आहे.

"रंगवलं कारण इतरांना आवडलं. लिनव्हल सुतार म्हणाला, कुणीतरी आपली आठवण काढतंय एवढं तरी आहे. त्याला आता सांगितलं, अरे तो मासा निघाला. तो म्हणतो, अठरा वर्षं त्या भिंतीला पाठ लावून मी डॉमिनो खेळतोय, हरलोय कमी, मासा असेल तर असू दे. बैठक झाली. खोडायचं नाही असं ठरलं. खाली दुसरी बाजू लिहायची, नानांच्या नावाने, आणि कुणी विचारलं आणि कुणी ध्वनिमुद्रण केलं तेही. तुझ्या आईचं नाव नीट लिहून पाठव. आणि एक सांगते. सरांनी तो चुकीचा शब्द फळ्यावर लिहिला नसता, तर मी त्या वर्गात उभीच राहिले नसते. पुढे पंचवीस वर्षं मी शाळेत शिकवते आहे ती त्याच भांडणाच्या जोरावर. त्यांना हे सांग. ते दोन वर्षांत मँडेविलच्या डोंगरावरच्या घरातून खाली किंग्स्टनला आलेले नाहीत आणि माझा फोन उचलत नाहीत. लाज वाटत असेल तर सांग, इथे कुणाला वेळ नाही त्यांना लाजवायला."

मला हे पत्र वाचून बरं वाटलं. दुपारी बाजूच्या बाईकडून मक्याच्या आंबवलेल्या पिठाचं केंके आणि तळलेला मासा आणला आणि येबोआकाकांनाही दिला. त्यांनी स्वर नीट लावून विचारलं, "हा कुठला अज्वेने?"

डुफिए


आक्रा, १० जून

बाबा,

आईने कळवलं की रविवारी चर्चनंतर तुमचा फोन आला होता. तुम्ही तिला तो शब्द दोन्ही चालींत म्हणून दाखवायला सांगितलं, असं ती म्हणाली. तिने म्हटला. मग तुम्ही पुन्हा म्हणायला सांगितलं. तीन वेळा. मग तुम्ही विचारलं, आज काय शिजतंय. फोन पन्नास मिनिटं चालला. पुढचं तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. ती खुशीत आहे. शाळेत मुलांना पुन्हा प्रार्थनेनंतर वाचून दाखवायचं म्हणते आहे, या वेळी ट्वीत, आणि निवृत्त झाल्याचं तिला आठवत नाही.

आता कामाचं.

मी पुस्तक पुन्हा वाचलं, सलग, दोन दिवसांत. शेवटचं मी ते एकोणिसाव्या वर्षी वाचलं होतं. तिसरं आणि चौथं प्रकरण पान ४१ वर टेकलेलं नाही. मन ही डोक्यात ठेवलेली वस्तू नव्हे, ते करण्यातून दिसतं, हा तुमचा मुद्दा तर नानांची दुसरी बाजू आणखी बळकट करते: "नेलं त्या पाण्यात विचार करावा लागतो." पाचवं प्रकरण मात्र पडतं. तिथे तुम्ही म्हणता की गेलेल्यांचं काहीतरी आमच्याकडे जपून ठेवलेलं आहे आणि ते परत आले की आम्ही ते त्यांच्या हाती देऊ. नाना म्हणतात, त्यांचं त्यांच्याजवळ आहे. आमच्याजवळ फक्त वाट बघणं आहे.

हे मला पाचव्या प्रकरणापेक्षा चांगलं वाटतं. पण ते लिहायला मी योग्य माणूस नाही. मी उतारा देऊ शकते, युक्तिवाद नाही. तो तुम्ही लिहायला हवा. प्रकाशक दोन पानं वाढवायला तयार आहेत. त्यांना मी एवढंच सांगितलं आहे की चौथ्या कॅसेटची न ऐकलेली बाजू सापडली आहे. शब्दाबद्दल सांगितलेलं नाही.

तुमच्यासमोर तीन रस्ते आहेत. वाक्य काढून टाकणं. वाक्य ठेवून त्यापुढे दुसरी बाजू आणि तुमचं म्हणणं देणं. किंवा जसं आहे तसं ठेवणं. पहिल्या दोन्हींना माझी हरकत नाही. तिसऱ्यावर मी सही करणार नाही. मग एवढा एक तुकडा गळेल, तेरा तुकड्यांसह पुस्तक निघेल, आणि इथे कुणाच्या लक्षातही येणार नाही. तो रस्ता सोपा आहे, हे मी लपवत नाही. माझ्यावर सोपवलं असतं तर मी दुसरा घेतला असता.

पहिल्या वाक्याबद्दल. "नानांच्या ओट्यावर बसून मी हे ऐकलं," याऐवजी मी असं सुचवते: "नाना बेडियाको बोलले, बिरागो न्यार्को यांनी विचारलं, ऐकलं आणि ध्वनिमुद्रित केलं, मी वाचलं." आईला विचारलं. आधी म्हणाली, राहू दे आता कशाला. संध्याकाळी तिचाच फोन आला, घाल नाव, पण मधलं नाव नको, ते मला शाळेतही आवडायचं नाही. म्हणून मधलं नाव घातलेलं नाही.

एक गोष्ट कामाची नाही. गेली सहा वर्षं मला वाटत होतं की तुमच्याशी बोलायचं तर एक तर तुमचं खरं असायला हवं, नाहीतर माझं. या महिनाभर मी तुमचं एक वाक्य इतक्या वेळा ऐकलं, मोजलं आणि वाचलं की तुमच्याशी रोज बोलत असल्यासारखं झालं, आणि त्यात मला त्रास झाला नाही. तुम्ही चुकलात हे सिद्ध करताना मला आनंद होईल असं वाटलं होतं. आनंद झाला तो नाना पुढे काय म्हणाले ते सापडल्याचा. ते ऐकल्यावर पहिला विचार आला तो हा की हे बाबांना ऐकवायला हवं. तुम्ही टाळ्या वाजवल्या असत्यात.

दुसऱ्या बाजूचा स्वच्छ केलेला आवाज सोबत आहे. बारा मिनिटं. हेडफोन लावून ऐका, नानांच्या हसण्यामागे आईचंही हसू आहे, ते स्पीकरवर दबतं.

तीनपैकी कोणता रस्ता, आणि पहिलं वाक्य बदलायचं की नाही, एवढं शुक्रवार, २० जूनपर्यंत कळवा. आईकडे निरोप ठेवू नका. मला लिहा.

डुफिए